रोजनिशी : लिहिणारा आणि वाचणारे



या स्मृतिव्याख्यानाचे निमंत्रण घेऊन शाळेची मंडळी कुकटपल्लीतल्या माझ्या घरी आली, तेव्हा माझ्या मनात प्रथम नकारच आला होता. चाळीस वर्षे वर्गात बोललेल्या माणसाने निवृत्तीनंतर थोडे गप्प राहावे, असे माझे मत आहे. परंतु ज्यांच्या नावाने ही व्याख्यानमाला चालते ते गुरुजी माझे सातवीचे वर्गशिक्षक होते आणि त्यांच्या एका ऋणाची कबुली द्यायची राहून गेली होती. म्हणून आज आपल्यापुढे उभा आहे. विषय मीच निवडला. तो थोडा घरगुती आहे, याची मला जाणीव आहे. आपण तो सांभाळून घ्याल अशी आशा आहे.

गुरुजी १९६२ साली आम्हांला मराठी शिकवीत. हैदराबाद शहरातील मराठी शाळांना तेव्हा विद्यार्थ्यांची वाण नव्हती. गुरुजींचा दंडक असा की, प्रत्येकाने रोज पाच ओळी रोजनिशी लिहायची. नियम तीन. तारीख घालायची, त्या दिवशी घडले तेच लिहायचे, आणि ‘फार’, ‘अत्यंत’, ‘अविस्मरणीय’ हे शब्द वापरायचे नाहीत. शनिवारी वह्या गोळा होत. गुरुजी त्या वाचत नसत. फक्त तारखा सलग आहेत ना एवढे पाहून कोपऱ्यात सही करीत. एकाने धीर करून विचारले, “गुरुजी, वाचत का नाही?” ते म्हणाले, “मी वाचणार हे कळले की तुम्ही माझ्यासाठी लिहाल.” पुढे मी साहित्यशास्त्रावर बरेच ग्रंथ वाचले, लेखक आणि वाचक यांच्या नात्याविषयी याहून थोडक्यात सांगितलेले मला कोठे आढळले नाही.

निवृत्तीनंतर गुरुजी इकडे हाऊसिंग बोर्डाच्या वसाहतीत राहावयास आले. त्यांच्यामागून काही वर्षांनी आम्हीही आलो. मियापूरकडून अमीरपेठेकडे जाणारी मेट्रो २०१७ च्या नोव्हेंबरात सुरू झाली. तिचा पूल आज ज्या रस्त्यावर आहे त्याच रस्त्याने आम्ही दोघे संध्याकाळी फिरावयास जात असू. तेव्हाही ते एकच प्रश्न विचारीत, “लिहितोस ना?”

मी लिहीत होतो. १९६२ पासून आजपर्यंत थोडेफार खंड सोडल्यास लिहितो आहे. मात्र लिहिलेले पुन्हा वाचण्याची बुद्धी मला वयाच्या सत्तराव्या वर्षी झाली आणि तीही आपण होऊन नव्हे.

थोडे शब्दाविषयी बोलू द्या. मराठीच्या अध्यापकाची ही खोड आपण क्षमा करावी. ‘रोजनिशी’ हा शब्द ऐकताना त्यात ‘निशा’ आहे, रात्री लिहितात ती रोजनिशी, असे पुष्कळांना वाटते. माझ्या एका विद्यार्थ्याने उत्तरपत्रिकेत तशी व्युत्पत्ती दिली होती, आणि ती इतकी सुंदर होती की गुण कापताना माझा हात अडखळला. वस्तुतः शब्द फारशी आहे. चिटणीस म्हणजे चिटनवीस, फडणीस म्हणजे फर्दनवीस, तशीच ही रोज-नविशी, रोजचे लिहिणे. म्हणजे हा शब्द मनाचा नव्हे, दप्तराचा आहे. पेशव्यांच्या दप्तरातील रोजकीर्दींत कोणास किती वर्षासन दिले, कोणत्या गावास दुष्काळामुळे सूट दिली, याच्या नोंदी सापडतात. गणेश चिमणाजी वाड यांनी त्या दप्तरांतून निवडलेले उतारे पुढे खंडशः प्रसिद्ध झाले आणि न्यायमूर्ती रानड्यांनी त्यांवर विवेचक लेख लिहिला. त्या नोंदी करणाऱ्या कारकुनाला त्या दिवशी काय वाटले, हे त्यांत कोठेही नाही. आमच्या दक्षिणेत पाँडिचेरीच्या फ्रेंचांचा दुभाषी आनंदरंग पिळ्ळै याने १७३६ पासून जवळजवळ मरेपर्यंत, म्हणजे १७६१ पर्यंत, तमिळमध्ये दैनंदिनी लिहिली. तीत जहाजे आणि मालाचे भाव आहेत, परंतु त्यांच्या जोडीला माणसाचा मत्सर आहे, भीती आहे, ग्रहयोग आहेत. दप्तराच्या वहीत माणूस शिरला की काय होते, ते तेथे पाहावे.

माझ्या वडिलांची वही पहिल्या जातीची होती. त्यांना आम्ही भाऊ म्हणत असू. निजामी राजवटीत ते उस्मानाबाद जिल्ह्यातील एका तालुक्याच्या कचेरीत अहलकार होते. तो जिल्हा आज धाराशिव म्हणून ओळखला जातो. शिक्षण उर्दूतून, घरची भाषा मराठी, म्हणून त्यांची रोजनिशी बालबोध अक्षरांत असली तरी तिच्यात रजेला ‘रुखसत’ आणि पगाराला ‘तनखा’ आहे. साल फसली, म्हणजे इसवी सनातून सुमारे ५९० वजा केलेले. महिने आजूर, दै, बहमन असे इराणी नावांचे. हिशेब हाली शिक्क्यात. बार्शी-सोलापूरहून काही आणले की तेथे ‘कलदार’ असा शेरा, कारण सहा कलदार रुपयांना सात हाली पडत. तीस-पस्तीस वह्या होत्या. भाऊ १९८६ साली गेले. त्यानंतर त्या एका पत्र्याच्या पेटीत बंद होत्या. मी मराठीचा प्राध्यापक, जुन्या पोथ्यांच्या शोधात गावोगाव हिंडलेला; परंतु आपल्याच घरातील पेटी मी चौतीस वर्षे उघडली नाही. यात व्यासंगाचा अभाव होता की आणखी काही, हे सांगणे कठीण आहे.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली. मुलगा, सून आणि बारा वर्षांची नात आमच्याबरोबर राहावयास आली. सून तेलुगू घरातली. ती मला ‘मामय्यगारू’ म्हणते, नात ‘आबा’ म्हणते, आणि नातीचे मराठी ऐकण्यापुरते पक्के व वाचण्यापुरते कच्चे. वर्तमानपत्र बंद, फिरणे बंद. एका दुपारी सूनबाईंनीच विचारले, “तुम्ही रोज रात्री लिहिता, त्यात आहे तरी काय?” तेव्हा रात्री जेवणानंतर माझी एक वही काढायची आणि पाच-सहा नोंदी मोठ्याने वाचायच्या, असा परिपाठ सुरू झाला.

पहिल्या आठवड्यात मी सुखावलो. १९६९ मधील माझे कवितेविषयीचे उद्गार, अमुक प्राध्यापकांशी झालेला वाद, गावात आलेल्या नाटकाचे परीक्षण. मंडळी ऐकत होती. मग एके रात्री १९८३ चा ऑगस्ट निघाला. माझ्या पीएच.डी.च्या प्रबंधाचे ते शेवटचे वर्ष. सलग अकरा दिवस नोंदींत चौथे प्रकरण, त्याची मांडणी, टंकलेखकाच्या चुका, मार्गदर्शकांनी सुचविलेला बदल. सौभाग्यवती लसूण सोलीत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “ऑगस्ट त्र्याऐंशी ना? थांबा.” आणि आतून कालनिर्णयांची चळत घेऊन आल्या.

कालनिर्णय १९७३ पासून निघते आणि आमच्या घरी आरंभापासूनची बहुतेक वर्षे शिल्लक आहेत. मागच्या पानांवरच्या पाककृतींसाठी ती ठेवली आहेत, अशी माझी समजूत होती. पुढच्या बाजूला मी कधी पाहिले नव्हते. तारखेच्या चौकोनात बारीक पेन्सिलीने लिहिलेले असे : ‘दूध नाही.’ ‘गॅस लावला.’ ‘भाडे दिले.’ आणि त्या ऑगस्टात सलग : ‘ताप १०३.’ ‘डॉ. दोनदा.’ ‘रक्त तपासले.’ ‘रिक्षा ८ रु.’ ‘ताप १०१.’ ‘पेज घेतली.’ मुलाला विषमज्वर झाला होता. माझ्या अकरा दिवसांच्या नोंदींत त्याचा एका ओळीनेही उल्लेख नाही. मी घरातच होतो. शेजारच्या खोलीत लिहीत होतो.

मुलगा हसला. म्हणाला, “बाबा, निदान तुमचे प्रकरण तरी पूर्ण झाले.” सौभाग्यवती काही बोलल्या नाहीत, लसणीची साले गोळा करून आत गेल्या. मला मात्र त्या रात्री प्रथमच ध्यानात आले की, प्रामाणिकपणे लिहिलेली रोजनिशीही खोटी ठरू शकते. मी लिहिले त्यातला एकही शब्द असत्य नव्हता. दुसऱ्या रात्रीपासून वाचनाची रीत बदलली. माझी वही आणि त्यांचे कालनिर्णय ही दोन्ही समोर ठेवून वाचू लागलो. पुष्कळदा त्यांचाच चौकोन अधिक बोलका निघाला.

अशा रीतीने सरावलेले आम्ही जून महिन्यात भाऊंच्या पेटीपाशी आलो.

आता जे सांगायचे आहे त्याची थोडी पूर्वपीठिका तरुण श्रोत्यांसाठी दिली पाहिजे. १९४८ सालच्या उन्हाळ्यापासून मराठवाड्यातील खेडी रझाकारांच्या भीतीखाली होती. भाऊंच्या वहीत त्याच्या खुणा आहेत; घरातील दागिन्यांची पेटी सोलापूरला पोचती केल्याची नोंद आहे, एका गावास आग लावल्याची नोंद आहे. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा संस्थानात शिरल्या आणि १७ तारखेस निजामाने शरणागती जाहीर केली. भाऊंच्या वहीत १८ तारखेपासून फसली तारखा बंद होऊन इंग्रजी तारखा सुरू होतात. त्यावर भाष्य काही नाही. राजवट बदलल्याची त्यांची नोंद तेवढीच.

परंतु त्यानंतरच्या दिवसांत जे घडले ते आपल्या पाठ्यपुस्तकांत अल्पच येते. अनेक गावी मुसलमान कुटुंबांवर सूड उगविला गेला. त्याची पाहणी करण्यासाठी भारत सरकारने त्याच वर्षाच्या अखेरीस पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार व मौलाना अब्दुल्ला मिसरी यांना पाठविले. त्यांच्या अहवालात मृतांचा अंदाज सत्तावीस ते चाळीस हजार असा दिलेला आहे, आणि सर्वाधिक झळ लागलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबादचे नाव आहे. तो अहवाल अनेक दशके प्रसिद्ध झाला नाही.

आमच्या घरी त्या दिवसांची एक हकिकत होती. आई ती सांगत असे. शेजारी एक मुसलमान कुटुंब राहत होते. नवरा टपालखात्यात, बायको आईची मैत्रीण. गडबडीच्या रात्री त्यांनी आमच्या दाराची कडी वाजविली आणि भाऊंनी त्यांना आत घेऊन तीन दिवस माजघरात लपवून ठेवले. माझा जन्म १९५० चा, म्हणजे मी हे केवळ ऐकले. परंतु इतक्यांदा ऐकले की ते माजघर मला दिसत असे. १९७१ मधील माझ्या रोजनिशीत एक नोंद आहे : ‘पाहुण्यांपुढे आईने पुन्हा अट्ठेचाळीसची हकिकत सांगितली. भाऊ सुपारी कातरत होते, मधेच उठून बाहेर गेले. स्वतःच्या चांगुलपणाचा उच्चार त्यांना सहन होत नाही.’

जूनच्या त्या रात्री मी भाऊंची वही वाचत होतो. २२ सप्टेंबर १९४८ ची नोंद आली. चार ओळी. पहिल्या दोन मी वाचल्या : ज्वारी किती आणली, कचेरी बंद. तिसरी ओळ डोळ्यांनी वाचली, तोंडाने वाचली नाही. चौथी वाचून पान उलटले. नात माझ्या खांद्याशी बसून अक्षरे लावण्याचा प्रयत्न करीत असे. ती म्हणाली, “आबा, एक लाइन राहिली.” मी म्हणालो, “अक्षर लागत नाही.” तिने पान मागे घेतले आणि बोट ठेवून, एकेक अक्षर जुळवीत, वाचले : “रात्री कडी दोनदा वाजली. उघडली नाही.”

नातीला तिच्या वाचण्याचे कौतुक होते. कोणी काही बोलेना, तेव्हा तिने विचारले, “कडी कोणी वाजवली होती?”

पुढील नोंदी मी त्या रात्री एकट्याने वाचल्या. २३ तारीख : ‘शेजारचे घर उघडे. सामान अंगणात.’ २५ तारीख : ‘कचेरी सुरू. हजेरी दिली.’ त्यानंतर त्या कुटुंबाचा उल्लेख नाही. आम्ही हैदराबादला आल्यानंतरच्या, १९५७ च्या वहीत मात्र एक नोंद सापडली : ‘नामपल्ली स्टेशनवर शेजारचा मुलगा भेटला. सलाम केला. चहा घेतला. घरचे विचारले नाही.’

दुसऱ्या दिवशी मी लातूरला आक्काला फोन केला. आक्का माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. १९४८ साली ती सात वर्षांची. मी वहीतील ओळ वाचून दाखविली. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “मी जागी होते रे. कडी वाजली तशी आई उठली. भाऊंनी तिचा हात धरला आणि दिवा मालवला. बाहेर बाईचा आवाज होता. ‘भाभी’ म्हणाली. पुन्हा नाही म्हणाली.” मी विचारले, “मग आई ते तीन दिवस माजघरात ठेवल्याचे सांगत असे, ते?” आक्का म्हणाली, “ती सांगायची. मी कधी खोडले नाही. तू खोडले असतेस का?”

मित्रहो, येथे मला माझ्या अभ्यासविषयाने थोडा आधार दिला, तो सांगतो. मराठीतील आद्य गद्यचरित्र म्हणजे म्हाइंभटांचे ‘लीळाचरित्र’, सुमारे १२७८ चे. श्रीचक्रधरांच्या पश्चात म्हाइंभटांनी त्यांच्या सहवासातील माणसांना भेटून, विचारून आठवणी मिळविल्या. परंपरा असे सांगते की मूळ प्रत पुढे धामधुमीत नष्ट झाली आणि शिष्यांनी आपापल्या स्मरणातून ती पुन्हा उभी केली. अशा प्रसंगी सामान्यतः एकच पाठ प्रमाण मानून बाकीचे पुसले जातात. महानुभावांनी तसे केले नाही. एकाच लीळेविषयी दोघांच्या आठवणी जुळत नसतील तर दोन्ही ठेवल्या, आणि कोणती कोणाची हे नाव घालून नोंदविले. हे मी वर्षानुवर्षे वर्गात शिकविले होते. विद्यार्थी तो भाग परीक्षेपुरता पाठ करीत आणि मीही शिकविण्यापुरताच जाणत होतो, असे आता दिसते.

याच्या उलट उदाहरणही आपल्या वाङ्मयात आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ च्या धामधुमीत उत्तरेकडे गेले होते. त्यांनी आपला प्रवास सुमारे पाव शतकानंतर आठवणींतून लिहिला. भारताचार्य चिं. वि. वैद्यांनी १९०७ साली तो ‘माझा प्रवास’ म्हणून छापला, परंतु छापताना भाषेवर व मजकुरावर हात फिरविला. मूळ बखर जशीच्या तशी वाचावयास मिळण्यास १९६६ साल उजाडावे लागले. ते काम महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदारांनी केले. वैद्यांचा हेतू वाईट नव्हता. आपल्या आवडत्या माणसाचे लिखाण लोकांपुढे नीटनेटके जावे, एवढेच त्यांना वाटले असावे. त्या रात्री ती ओळ गाळताना माझ्याही मनात याहून वेगळे काही नव्हते.

घरात यावर वाद झाला, तोही सांगितला पाहिजे. मुलाचे म्हणणे, ही वही पेटीत परत ठेवावी. आजोबांना आता उत्तर देता येत नाही. त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. भाऊंनी ती ओळ लिहिली तेव्हा पंचवीस फुटांवर काय चालले होते, रस्त्यावर कोण होते, दार उघडले असते तर आत झोपलेल्या मुलीचे काय झाले असते, यांपैकी काहीही आपल्याला ठाऊक नाही. अंधारात ऐकलेला आवाज सात वर्षांच्या मुलीने बहात्तर वर्षे जपला, तोही कितपत तसाच उरला असेल? सूनबाईंचे म्हणणे वेगळे पडले. त्या म्हणाल्या, “त्यांना लपवायचे असते तर त्यांनी लिहिलेच नसते. वही त्यांची, कोणी पाहणार नव्हते.” सौभाग्यवतींनी तिसराच मुद्दा काढला. सासूबाई ती गोष्ट पाहुण्यांना सांगत असत हे खरे; परंतु सांगताना त्या भाऊंकडे पाहत नसत, दाराकडे पाहत असत. हे मी इतकी वर्षे समोर बसून पाहिले नव्हते.

मी कोणाचीच बाजू घेतली नाही. एक वेगळी वही केली. तिच्यात तारीख घालून डावीकडे भाऊंची ओळ उतरविली. उजवीकडे : आईचे म्हणणे, आईच्या नावावर. आक्काचे म्हणणे, फोनची तारीख घालून. १९५७ ची नोंद. १९७१ ची माझी नोंद आणि तिच्यातील माझा शेरा. तो चुकीचा होता असे मी आज समजतो, तरी खोडला नाही. ‘फार’ आणि ‘अत्यंत’ हे शब्द कोठे येऊ दिले नाहीत. सुनेचे आणि पत्नीचे म्हणणेही त्यांच्या-त्यांच्या नावावर घातले. मुलाने आपले म्हणणे लिहू दिले नाही, तेही लिहिले.

नातीच्या प्रश्नाला उत्तर देणे उरले होते. मी तिला जे माहीत होते ते, ज्याने सांगितले त्याचे नाव घेऊन, सांगितले. तिने बराच वेळ विचार करून विचारले, “मग ती बाई कुठे गेली?” मी सांगितले की हे कोणत्याच वहीत नाही.

त्यानंतर तिने शाळेच्या जुन्या वहीची उरलेली पाने घेऊन स्वतःची रोजनिशी सुरू केली. इंग्रजी, तेलुगू, मराठी असे तिन्हींचे मिश्रण. आज ती महाविद्यालयाच्या उंबरठ्यावर आहे आणि अजून लिहिते. मी ती वाचत नाही. सुरुवातीला काही शनिवार तारखा सलग आहेत ना एवढे पाहून कोपऱ्यात सही करीत असे. पुढे तिने तेही बंद करविले.

भाऊंच्या वह्यांचे वाचन आता रविवारी होते आणि आम्ही १९६१ पर्यंत आलो आहोत. मधल्या दोन वह्या पेटीत नाहीत. त्या आक्काकडे आहेत, असे तिने गेल्या महिन्यात प्रथमच सांगितले. भाऊंनीच तिच्याकडे दिल्या होत्या. एक १९४९ ची आहे. तिने ती उघडलेली नाही. दिवाळीत ती इकडे येईल तेव्हा घेऊन येणार आहे. मात्र मोठ्याने वाचायची ती मीच वाचेन, असे तिने बजावले आहे.